जरी काळी का पडते?

घरात लग्नकार्य निघाले की ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली पैठणी बाहेर निघते. ती उलगडताना आजी आधी काय पाहते, याकडे जरा लक्ष द्या. रेशीम कोठे विरले आहे काय आणि जरी काळवंडली आहे काय, एवढ्याच दोन गोष्टी ती पाहते. जरी पिवळीधमक असली तर सर्वांचे चेहरे खुलतात. काळपट दिसली तर "खराब झाली हो!" असे म्हणून घडी पुन्हा ट्रंकेत जाते. काही घरांतून अशी वस्त्रे मोडीतही गेली. जुन्या जरीची खरेदी करणारे ती वजनावर घेत, जाळीत आणि राखेतून चांदी-सोने वेगळे काढीत. कित्येक महिने हातमागावर बसून विणलेले मोर, पोपट आणि वेलबुट्ट्या अशा रीतीने चुलीत गेल्या.

आता प्रश्न असा, की जरी "खराब होते" म्हणजे नेमके काय होते? तिच्यावर मळ बसतो म्हणावे, तर तो झटकून किंवा पुसून निघायला हवा. तसा तो निघत नाही. सोने काळे पडते म्हणावे, तर आजीच्याच गळ्यातील सोन्याचे मणी पन्नास वर्षांनंतरही पिवळे असतात. मग हा काळा पदार्थ आला कोठून?

उत्तर शोधण्यासाठी जरी कशी बनते ते आधी पाहिले पाहिजे. पैठण आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलेच (२०२३ पर्यंत शहराचे व जिल्ह्याचे नाव औरंगाबाद होते). शहरापासून दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर, गोदाकाठी. तेथे आजही हातमागावर पैठणी विणतात. जरी मात्र आता बहुतेक सुरतेहून येते. जुन्या पद्धतीत चांदीच्या कांबीवर सोन्याचा पातळ पत्रा चढवीत आणि ती कांब एकाहून एक लहान भोकांतून ओढून केसासारखी बारीक तार काढीत. ही तार चपटी करून रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्याभोवती गुंडाळली की कलाबतू तयार होई. म्हणजे डोळ्यांना दिसते ते सोने, पण ते नावापुरतेच असते. आत बहुतेक सगळी चांदी असते. तार जितकी लांब ओढावी तितका सोन्याचा थर पातळ होत जातो, आणि पातळ थरात सूक्ष्म छिद्रे राहतात. काळेपणा येतो तो या छिद्रांतून, आणि तो चांदीचा असतो.

चांदी ही तशी मोठी निवांत धातू आहे. लोखंडाला ओल्या हवेत गंज चढतो, तांब्यावर काळपट पुटे येतात. चांदीवर मात्र साध्या तपमानाला हवेतील ऑक्सिजनचा फारसा परिणाम होत नाही. तिचा खरा शत्रू गंधक. हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात नेहमीच असतो. नासक्या अंड्याचा वास येतो तो याच वायूचा. जेथे सेंद्रिय पदार्थ कुजतात, सांडपाणी साचते, तेथे तो अधिक असतो. आपल्या नाकाला अजिबात वास येऊ नये इतका थोडा, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत एखादा भाग एवढा जरी तो असला, तरी चांदीला तो पुरतो. हवेत दमटपणा असला की काम आणखी लवकर होते. म्हणून पावसाळ्यात देवघरातील निरांजन उन्हाळ्यापेक्षा लवकर मलूल होते.

घडते ते असे: चांदी, हायड्रोजन सल्फाइड आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र येऊन सिल्व्हर सल्फाइड आणि पाणी तयार होते. या सिल्व्हर सल्फाइडच्या प्रत्येक घटकात चांदीचे दोन अणू आणि गंधकाचा एक अणू असतो. तोच हा काळा पदार्थ.

खात्री करून घ्यायची असेल तर एक सोपा प्रयोग करा. चांदीच्या नाण्याभोवती साधे रबरबँड गुंडाळून ते खणात ठेवून द्या. रबर टिकाऊ व्हावे म्हणून त्यात गंधक घातलेले असते. काही आठवड्यांनी रबर काढलेत तर नाण्यावर त्याच्या जागी काळसर पट्टा उमटलेला दिसेल. इतका धीर नसेल तर उकडलेल्या अंड्याचे तुकडे आणि ते नाणे एका झाकणाच्या बरणीत ठेवा. थोड्याच वेळात रंग बदलू लागेल. आधी फिकट पिवळा, मग तांबूस, मग निळसर आणि शेवटी काळा. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात तसेच हे रंग आहेत. थर इतका पातळ असतो, की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून हे रंग निर्माण करतात. थराची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या घरात गेली की पृष्ठभाग काळा दिसू लागतो.

आता एक गंमत पाहा. तांब्याचे ताम्हण काळे पडले तर आई त्याला चिंच लावते आणि ते लख्ख होते. तीच चिंच चांदीच्या काळ्या पैंजणांना लावली तर मात्र काही उपयोग होत नाही. असे का बरे? तांब्यावर जो थर असतो तो मुख्यतः ऑक्साइडचा. तो चिंचेतील आम्लात विरघळतो. सिल्व्हर सल्फाइड हे मात्र आपल्याला माहीत असलेल्या अत्यंत अविद्राव्य संयुगांपैकी एक आहे. पाण्यात ते विरघळत नाही, चिंच-लिंबाच्या आम्लांना दाद देत नाही. त्याला विरघळवायला गरम नायट्रिक आम्ल लागते, आणि ते तर खालच्या चांदीलाही खाऊन टाकील.

मग लोक काय करतात? रांगोळी, राख किंवा दंतमंजन घेऊन घासतात. चांदी उजळते, पण कशी? काळा थर खरवडून निघतो म्हणून. येथे थोडे गणित करा. चांदीचा अणुभार सुमारे १०८, गंधकाचा ३२. दोन चांदी आणि एक गंधक मिळून २४८, त्यात चांदी २१६. म्हणजे त्या काळ्या थरात वजनाने ८७ टक्के चांदीच आहे! जो मळ समजून आपण नळाखाली धुऊन टाकतो ती जवळजवळ सगळी चांदी असते. जाडजूड ताटाचे त्याने काही बिघडत नाही. पण ज्या नक्षीच्या रेषा आधीच नाजूक आहेत त्या दर दिवाळीला थोड्या थोड्या पुसट होत जातात. आणि जरीवर घासणे म्हणजे राहिलेले सोनेही घालवणे.

इथवरची हकीकत तुमच्या शिक्षकांनीही कदाचित सांगितली असेल. या काळ्या पदार्थाच्या अंतरंगात शिरल्यावर मात्र खरी मौज सुरू होते.

खाणीत सापडणाऱ्या नैसर्गिक सिल्व्हर सल्फाइडला ॲकँथाइट म्हणतात. त्यात गंधकाचे अणू ठराविक जागी रांगेने बसलेले असतात आणि चांदीचे अणू त्यांच्यामधल्या फटींत. चांदीच्या जागा दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारच्या जागेवरील चांदीला गंधकाचे दोन निकटचे शेजारी, तर दुसऱ्या प्रकारच्या जागेवरील चांदीला तीन. ही रचना काहीशी तिरकस आहे. तिचे सगळेच कोन काटकोन नाहीत, म्हणून तिला एकनत स्फटिक म्हणतात. आता हा स्फटिक तापवा. सुमारे १७७ अंश सेल्सियस तपमानाला आत एकदम उलथापालथ होते. गंधकाचे अणू सरळ घनाकृती मांडणीत येतात. घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मध्यभागी एक. चांदीचे अणू मात्र जागाच सोडतात!

हे समजण्यासाठी एस.टी.ची गाडी डोळ्यांसमोर आणा. गाडीत बारा आसने आहेत आणि प्रवासी फक्त चार. आसने पक्की ठोकलेली आहेत, पण प्रवासी या आसनावरून त्या आसनावर सारखे उड्या मारीत आहेत. गंधकाची घनाकृती चौकट म्हणजे ही गाडी. तिच्या एका घनात चांदीचे चार आयन असतात आणि त्यांना नीट बसता येतील अशा पोकळ्या बारा. सगळा पदार्थ हाताला घट्ट लागतो, त्याचा आकार बदलत नाही, तरी त्यातील चांदी एखाद्या द्रवासारखी वाहत असते. अर्धा पदार्थ घन आणि अर्धा जणू वितळलेला, अशी ही अवस्था. अशा पदार्थांना अतिआयनवाहक म्हणतात.

याचा एक पुरावा दगडांतच लिहिलेला सापडतो. काही खाणींतून मिळणारे ॲकँथाइटचे खडे बाहेरून अगदी सुबक घनाकृती असतात, पण क्ष-किरणांनी आतली मांडणी तपासली तर ती तिरकस निघते. आकार एकाचा आणि अंतरंग दुसऱ्याचे! याचा अर्थ असा, की जमिनीखाली तो खडा घडला तेव्हा तेथील तपमान १७७ अंशांच्या वर होते. पुढे तो निवाला, आतले अणू सरकून नव्या मांडणीत बसले, बाहेरचा आकार मात्र जुनाच राहिला. म्हणजे खनिजाचा हा खडा भूगर्भातील तापमापकच झाला की!

साध्या तपमानालाही चांदीचे आयन अगदी स्वस्थ नसतात. ते हळू असतात, एवढेच. काळा थर वाढतो तो त्यांच्या या चालीमुळे. थर वाढतो तेव्हा बाहेरचे गंधक आत शिरते की आतली चांदी बाहेर येते? घटकाभर वाचन थांबवून स्वतः विचार करा. बहुतेकांना वाटते, गंधक आत शिरत असेल. कार्ल वाग्नर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९३३ साली एका सुंदर प्रयोगाने याचा निकाल लावला. त्याने सिल्व्हर सल्फाइडच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या. एका बाजूला चांदी, दुसऱ्या बाजूला वितळलेले गंधक, आणि सगळे सुमारे २२० अंशांपर्यंत तापवले. नंतर प्रत्येक भाग वेगळा करून वजन केले. चांदीचे वजन घटले होते. चांदीला लागून असलेल्या चकतीचे वजन जसेच्या तसे होते. गंधकाकडच्या चकतीचे वजन मात्र वाढले होते. याचा अर्थ चांदी दोन्ही चकत्या ओलांडून पलीकडे गेली आणि तेथे गंधकाला भेटली. गंधक आपल्या जागेवरून आत आले नव्हते.

आता जरीकडे परत या. सोन्याच्या थरातील छिद्रापाशी चांदी उघडी आहे. तेथे काळा ठिपका तयार होतो. त्या ठिपक्यातून आतली चांदी सतत वर येत राहते आणि वरच्या गंधकाला मिळते. वर आलेले सल्फाइड छिद्राच्या काठाबाहेर पसरते, सोन्याच्या अंगावरून सरपटत जाते. सोने स्वतः शुद्ध असते, पण त्याच्यावर काळी साय धरते. विजेच्या यंत्रांतील सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या जोडांवरही इंजिनियरांना अगदी हाच त्रास होतो. तेव्हा आजीच्या पैठणीतील सोने कोठे गेलेले नाही. ते त्या सायीखाली आहे.

या पदार्थाने विज्ञानाच्या इतिहासातही एक मानाची जागा पटकावली आहे. १८३३ साली लंडनमध्ये मायकेल फॅराडे निरनिराळ्या पदार्थांतून वीज वाहते की नाही हे तपासत होता. धातू तापवली की तिची वीजवाहकता कमी होते, हे तोपर्यंत माहीत झाले होते. सिल्व्हर सल्फाइडने मात्र उलटाच प्रकार केला. थंड असताना त्यातून वीज फारशी जाईना. दिव्याच्या ज्योतीवर धरताच ती जोराने वाहू लागली, आणि निवताच पुन्हा मंदावली. फॅराडेला याचे नवल वाटले आणि त्याने ते नोंदवून ठेवले. कारण सांगणे त्या काळी शक्यच नव्हते, कारण इलेक्ट्रॉनचा शोध लागायलाच आणखी ६४ वर्षे जायची होती. आज आपण अशा पदार्थांना अर्धवाहक म्हणतो. यांतील इलेक्ट्रॉन अणूंच्या बंधांत अडकलेले असतात आणि उष्णतेचा धक्का मिळाला की त्यांतील काही मोकळे होतात. सिल्व्हर सल्फाइडमध्ये या इलेक्ट्रॉनांच्या जोडीला चांदीचे आयनही धावतात. ट्रान्झिस्टर, सौर विद्युतघट, संगणक हे सारे ज्या गुणधर्मावर उभे आहे त्याची पहिली नोंद झाली ती या चांदीवरच्या काळ्या पदार्थात.

आणखी एक गोष्ट. मिठाचा मोठा खडा हातोडीने ठोकलात तर त्याचा चुरा होतो. सिलिकॉनचेही तसेच होते. अर्धवाहक पदार्थ ठिसूळ असायचेच, असे बरीच वर्षे मानले जात होते. सिल्व्हर सल्फाइड मात्र ठोकले की चपटे होते, चाकूने कापले की शिशासारखे कापले जाते. खाणकामगारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण त्याचे महत्त्व चीनमधील शास्त्रज्ञांनी २०१८ साली मोजमाप करून दाखवले. त्याचा ठोकळा दाबून निम्म्याहून कमी उंचीचा केला तरी तो फुटला नाही. याचेही कारण रचनेतच आहे. अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात तेव्हा चांदी जुन्या गंधकाचा हात सोडते आणि लगेच पुढच्या गंधकाचा धरते. बंध तुटून मोकळा राहत नाही, म्हणून तडा जात नाही. वाकवता येतील अशी विद्युत उपकरणे बनवू पाहणाऱ्यांचे म्हणूनच या पदार्थाकडे लक्ष गेले आहे. जपानमधील संशोधकांनी तर २००५ साली त्यातून बाहेर डोकावणाऱ्या चांदीच्या मूठभर अणूंचे बटण बनवून दाखवले. विजेचा दाब एका दिशेने दिला की अणू बाहेर येऊन फट सांधतात, उलट दिला की परत आत जातात.

आता तुम्ही विचाराल, की चांदी जर त्या थरात शाबूत आहे तर ती परत मिळवता येणार नाही काय? येते, आणि तीही स्वयंपाकघरात. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमचा पातळ कागद अंथरा. त्यावर काळी पडलेली चांदीची वाटी किंवा नाणे असे ठेवा की ते कागदाला टेकेल. वरून कढत पाणी ओता आणि दोन चमचे खाण्याचा सोडा व थोडे मीठ टाका. हे मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली आणि खिडकी उघडी ठेवून करा. थोड्याच मिनिटांत काळेपणा ओसरू लागेल आणि नासक्या अंड्याचा बारीकसा वास येईल. म्हणजे पाहा, गंधक ज्या रूपात आला त्याच रूपात परत निघाला! ॲल्युमिनियम ही इलेक्ट्रॉन देण्यास उत्सुक धातू आहे. तिचे इलेक्ट्रॉन चांदीच्या आयनांना मिळतात आणि आयनांची पुन्हा धातू होते. ॲल्युमिनियमचा कागद मात्र निस्तेज होतो. घासण्यात चांदी जाते, येथे ती पृष्ठभागावरच परत जमते. ती थोडी मंद दिसेल, कारण अणू पूर्वीसारखे गुळगुळीत बसत नाहीत. मऊ कापडाने हलकेच पुसले की पुरते.

हा उपाय सरसकट सगळ्या चांदीला लावू नका. खडे बसवलेले किंवा आत लाख भरलेले दागिने कढत पाण्यात घालू नयेत. सराफ्यात "ऑक्सिडाइज्ड" म्हणून जे दागिने मिळतात तेही नकोत. त्यांच्या नक्षीच्या खाचांतील काळेपणा मुद्दाम आणलेला असतो. (नाव साफ चुकीचे आहे बरे का! तो ऑक्साइड नसून गंधकयुक्त द्रावणात बुडवून आणलेला सल्फाइड असतो.) बिदरीच्या वस्तू तर मुळीच घालू नका. बिदरीची मूळ धातू मुख्यतः जस्त आणि थोडे तांबे अशी असते. बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या लेपाने ती काळी करतात. हा काळा सल्फाइड नव्हे. त्यावरची चांदीची नक्षी मात्र कालांतराने सल्फाइडने काळवंडते, आणि मग काळ्यावर काळे होऊन कारागिराची सारी मेहनत दिसेनाशी होते. तेथे कोरड्या मऊ कापडाने फक्त चांदीपुरते हळूच पुसावे.

आणि पैठणी? कढत पाणी, सोडा, चिंच, दंतमंजन यांतले काहीही तिच्याजवळ नेऊ नका. सोड्याचे अल्कधर्मी पाणी रेशमाला खाते आणि रंग उतरवते. जुन्या जरीची दुरुस्ती हे वस्त्रसंवर्धन शिकलेल्या माणसाचे काम आहे. आपल्या हातात आहे ते गंधकाला दूर ठेवणे. लोकरीच्या तंतूंत तीन-चार टक्के गंधक असते, रेशमात ते जवळजवळ नसते. म्हणून पैठणी आणि लोकरीची शाल एका घडीत ठेवू नका. रबरबँड, रबरी चटई यांपासून तिला लांब ठेवा. स्वस्त काळ्या सुती कापडात गुंडाळू नका, कारण काळा रंग पुष्कळदा गंधकाचाच असतो. धुतलेले, पूर्ण वाळलेले पांढरे मलमल उत्तम. ट्रंक कोरड्या जागी हवी, मोरीच्या भिंतीला लागून नको. वर्षातून एक-दोनदा कोरड्या दिवशी पैठणी बाहेर काढून घडी बदला, म्हणजे तार एकाच जागी मोडणार नाही. घडीवर चपटी तार तुटली तर तेथे चांदीची नवी कड उघडी पडते, आणि गंधकाला तेवढी वाट पुरते.